मुलांसाठी आणि घरासाठी मानसशास्त्रीय मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि मुलं व त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. पहिला फोन बहुतेकदा आईचा असतो, दुपारी, घरात कुणी नसताना केलेला. त्या फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि शाळांतल्या पालकसभांनंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, सायकॅट्रिस्ट... आम्ही नक्की कुणाकडे जायचं?

सायकॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. ते एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. मुलाला समजून घेणं, चाचण्या करणं, थेरपी करणं आणि पालकांबरोबर काम करणं हे आमचं काम. आमची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तो नोंदणी क्रमांक बेलाशक विचारा. विचारला म्हणून रागावणाऱ्याकडे मूल नेऊ नका.

'काउन्सेलर' या शब्दाखाली नीट शिकलेली, अनुभवी माणसंही असतात आणि दोन आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही. त्यामुळे शिक्षण काय आणि मुलांबरोबर काम किती केलंय, हे दोन्ही विचारा. शाळेत काउन्सेलर असतील तर सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. काहीच सुचत नसेल तर आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. ऐकू कमी येणं, फिट्स, रक्त कमी असणं, अपुरी झोप यांमुळेही मूल 'लक्ष देत नाही' असं दिसतं, आणि ते आधी तपासलेलं बरं.

२. मुलगा जरा हट्टी आहे, इतकंच. एवढ्याशासाठी यायचं का?

हट्ट तर सगळीच मुलं करतात. मी विचारते ते असं: हे किती दिवस चाललंय? फक्त घरात होतं, की शाळेत, शेजारी, मामाकडेही? आणि यामुळे मुलाचं काय थांबलंय? जेवण, झोप, शाळा, मित्र यांपैकी काही अडलं असेल तर या. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि शाळेची बस गेली की थांबतं, हे नाटक नसतं. पोट खरंच दुखत असतं, फक्त कारण पोटात नसतं.

चार वर्षांचं मूल अंथरुणात शू करतं म्हणून घाबरू नका, पाच वर्षांपर्यंत आम्ही त्याला अडचण म्हणतच नाही. पण सात वर्षांची मुलगी तीन वर्षं कोरडी राहत होती आणि अचानक पुन्हा सुरू झालं, तर वाट पाहू नका. आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या आणि मग आमच्याकडे या.

३. मुलाला काय सांगून आणायचं?

खरं सांगून. याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण इथे झालेली चूक निस्तरायला पुढच्या तीन-चार भेटी जातात.

'डोळे तपासायला जाऊ', 'मॉलमध्ये जायचंय', 'मॅडमकडे खूप खेळणी आहेत' असं सांगून मुलांना आणलं जातं. हेतू चांगलाच असतो. पण दार उघडताच मुलाला कळतं. एक सात वर्षांचा मुलगा असाच आईस्क्रीमच्या नावाखाली आला होता. आत आला, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसला. मी शेजारी फरशीवर बसले. पुढच्या दोन्ही भेटींत तो तिथेच होता, टेबलाच्या पायावर नखाने रेघा ओढत. तिसऱ्या भेटीत त्याने विचारलं, "आईने खोटं का सांगितलं?" त्याला आणलं होतं ते वर्गातल्या मारामाऱ्यांसाठी, पण आधी काम करावं लागलं ते या प्रश्नावर.

लहान मुलाला असं सांगता येईल: "तुला शाळेत फार राग येतो ना, आणि मग तुलाच वाईट वाटतं. मला पण कळत नाही काय करायचं. या ताई आपल्या दोघांना मदत करतात. तिथे इंजेक्शन नसतं, परीक्षाही नसते." यातला 'आपल्या दोघांना' हा शब्द गाळू नका. मोठ्या मुलांना कारण सांगा, वेळ सांगा आणि न आवडल्यास ते बोलून दाखवायची मोकळीक द्या. आणि "असंच वागलास तर त्या मॅडमकडे नेईन" ही धमकी कधीही नको.

४. पहिल्या भेटीला कोणी यायचं? काय काय होतं?

आई आणि बाबा दोघांनीही. "ह्यांना सुट्टी मिळत नाही" हे मला समजतं, मग शनिवारची वेळ घेऊ. मूल दिवसभर आजी-आजोबांकडे असेल तर त्यांनाही आणा. पहिली भेट तास-सव्वा तासाची असते आणि तिचा बराचसा भाग पालकांबरोबर जातो. गरोदरपण, बाळंतपण, मूल कधी चाललं, कधी बोललं, घर बदललं का, घरात कुणी आजारी आहे का, कुणाचं निधन झालं का, पैशांची ओढाताण आहे का, असं सगळं मी विचारते. यातले काही प्रश्न मुलासमोर नको असतात, म्हणून काही वेळ मूल बाहेर बसेल. त्याच्याबरोबर बसायला कुणीतरी असू द्या.

प्रगतिपुस्तकापेक्षा शाळेच्या रोजच्या वह्या आणा. गाळलेले काने-मात्रा, अर्ध्यात सोडलेली पानं, समासातली चित्रं, खोडरबराने फाटेपर्यंत खोडलेला कागद यांतून मला टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

५. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तुम्हीच लाडावून ठेवलंय.' घरातच एकमत नाही, काय करू?

त्यांच्या वेळीही मुलं अडखळत होती. त्यांना 'ढ', 'वांड', 'घुमा' म्हणायचे आणि शाळा सुटायची. आणि मदतही अगदीच नवी नाही. भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईतच सुरू झालं, आज ज्या संस्थेला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात तिथे. ही माहिती आजींना सांगून पाहा. वादात जिंकायला म्हणून नको. आपण काही विचित्र करत नाही, एवढं त्यांना कळावं म्हणून सांगा.

मी आजींना बोलावते तेव्हा सल्ला देत नाही, आधी त्यांनाच विचारते की तुमचा नातू कधी शांत असतो. बहुतेकदा नेमकं उत्तर त्यांच्याकडेच असतं. एका आजींनी सांगितलं, "माझ्याबरोबर शेंगा सोलायला बसला की अर्धा तास हलत नाही." ज्या मुलाचं लक्ष पाच मिनिटं टिकत नाही अशी तक्रार होती, त्याचा घरचा कार्यक्रम आम्ही त्या शेंगांपासून सुरू केला.

अडचण होते ती नियम दोन असले की. आई टीव्ही बंद करते आणि आजोबा लावून देतात, तेव्हा हट्ट केला की काम होतं, हे मूल शिकतं. सगळ्या घराचं एकमत होणार नाही, त्याची गरजही नाही. झोपायची वेळ, स्क्रीनची वेळ आणि हात उचलायचा नाही, एवढ्या बाबतीत घरातल्या सगळ्यांनी एकच बोलावं.

दृष्ट काढणं, अंगारा लावणं याला माझा विरोध नाही. पण कुणी मुलाला मारायला, डाग द्यायला, उपाशी ठेवायला किंवा चालू औषध बंद करायला सांगत असेल, तर तिथून मुलाला घेऊन निघा.

६. आत नुसतं खेळताच ना? खेळायला तर तो घरीही खेळतो.

मोठा माणूस बोलून मोकळा होतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढे शब्द नसतात. तो बाहुलीच्या घरातल्या बाबाला रोज छतावर ठेवतो आणि खाली उतरवत नाही, तर ते मी पाहते आणि त्याच भाषेत त्याला विचारते. राग ओळखणं, थांबणं, हरणं सहन करणं हे सगळं सापशिडीच्या एका डावात येतं.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मूल माझ्यासमोर आठवड्यातून पाऊण तास असतं, उरलेला सगळा आठवडा तुमच्याकडे. म्हणून दर दोन-तीन सेशननंतर पालकांची वेगळी भेट असते. ती टाळून फक्त मुलाला सोडून जाणाऱ्या घरांत फरक फार हळू पडतो. घरी रोज पंधरा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, मूल सांगेल ते खेळा. त्या वेळात शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहिलेल्या पालकांना विचारा.

७. शाळेने 'आयक्यू टेस्ट' मागितली आहे. आकडा कमी आला तर?

आधी शाळेला विचारा, कशासाठी हवी आहे. वाचनाची अडचण असेल तर नुसत्या बुद्धिमापनाने भागत नाही (पाहा प्रश्न ८).

आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी बिने-कामत चाचणी मुळातच कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतलेली आहे, आणि मालिन यांची सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची चाचणी नागपुरात तयार झाली. दोन्ही जुन्या आहेत आणि आजची मुलं वेगळ्या जगात वाढतात, त्यामुळे कुठलाही समंजस सायकॉलॉजिस्ट एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नाही. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत चाचणी व्हायला हवी. ताप असताना, रात्रीच्या प्रवासानंतर किंवा भुकेल्या पोटी आणू नका. अहवालात एकूण आकड्यापेक्षा मुलाला काय जमतं, काय जड जातं आणि शाळेने काय करावं, हे लिहिलेलं आहे का ते पाहा. आणि तो आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, मुलाला तर अजिबात ऐकवू नका.

८. चौथीत आहे, हुशार बोलतो, पण वाचता येत नाही. डिस्लेक्सिया असेल का? प्रमाणपत्र कुठे मिळतं?

असू शकेल. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाणं, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. पण घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरी इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी नाही, अशी परिस्थिती असेल तर ती अध्ययन अक्षमता नसून भाषेची कमी ओळखही असू शकते. म्हणून आम्ही दोन्ही भाषांत वाचून घेतो. मराठीतही 'कमळ'चं 'मकळ' होतंय का, जोडाक्षरांशी अडतंय का, हे पाहतो. डोळे आणि कान आधी तपासलेले हवेत. साधारण आठ वर्षांच्या आधी ठाम निदान करत नाहीत, पण मदत सुरू करायला निदानाची गरज नसते. पहिलीतल्या मुलाला अक्षरं जमत नसतील तर विशेष शिक्षकांकडे आत्ताच सुरुवात करा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. बोर्डाच्या सवलतींसाठी, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय यांसाठी, खासगी अहवाल पुरत नाही. शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं केंद्र पालकांना माहीत असतं, बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बऱ्याच महिन्यांची प्रतीक्षा असू शकते, म्हणून दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा आठवीच्या आत अर्ज करा.

९. अडीच वर्षांचा झाला, बोलत नाही. मोबाइलमुळे ना? की घरात दोन भाषा आहेत म्हणून?

दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. न्यू जर्सी किंवा दुबईहून फोन करणारे कितीतरी मराठी आईबाप 'आता घरात फक्त इंग्रजी बोला' हा सल्ला ऐकून स्वतःच्या बाळाशी परक्या भाषेत बोलायला लागतात. तसं करू नका. तुमच्या ओठांवर जी भाषा सहज येते, तीच बाळाला द्या.

स्क्रीन मात्र कमी करायलाच हवी. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पण 'मोबाइल बंद केला की बोलेल' म्हणून सहा महिने वाट पाहणं धोक्याचं. वर्षाचं झालं तरी हाकेला वळून पाहत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून 'ते बघ' करत नाही, दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये' सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यांतलं काही असेल तर ऐकू येण्याची तपासणी आणि विकासाची तपासणी याच महिन्यात करा. स्वमग्नता (ऑटिझम) असली तरी आणि नसली तरी, लवकर सुरू झालेल्या मदतीचा फायदाच होतो.

१०. औषधं लावावी लागतील का? एकदा सुरू झाली की सुटत नाहीत म्हणे.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना औषध लागत नाही. काहींना लागतं: तीव्र नैराश्य, मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा, म्हणजे ओसीडी), शाळेत बसूच न देणारा एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं. सहा वर्षांखालच्या अतिचंचल मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, मग गरजेनुसार पुढचा विचार, असा क्रम असतो. ठरवतात मनोविकारतज्ज्ञ. सुरू केलेलं औषध 'आता बरा आहे' म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. थांबवायचं असतं तेव्हा ते टप्प्याटप्प्याने थांबवलं जातं.

११. किती सेशन लागतील? विमा चालतो का? आणि परवडलं नाही तर?

किती लागतील हे पहिल्या भेटीत कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. चार भेटींनंतर थांबून आढावा घ्यायचा, हे मात्र आधीच ठरवून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे सेशनचा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

परवडत नसेल किंवा गावात कुणीच नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. विकासाच्या अडचणींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जिल्हा केंद्र असतं, तिथे पाठवण्यासाठी अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

१२. मुलगी आत काय बोलते ते आम्हाला सांगणार ना? फी आम्ही देतो.

सगळं नाही सांगणार, आणि हे मी पहिल्याच दिवशी मुलीसमोर आणि तुमच्यासमोर बोलते. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या उपचाराला तुमची संमती लागते. काय चाललंय, कुठवर आलो, घरी काय करायचं, हे तुम्हाला कळत राहील. पण तिने कुणाबद्दल काय म्हटलं, तिला कोण आवडतं, हे तिचं राहील. ते उद्या जेवणाच्या ताटावर निघालं, तर परवापासून ती माझ्याशीही बोलणार नाही. जिवाला धोका असेल (प्रश्न १३) किंवा कुणी तिच्याशी गैर वागत असेल (प्रश्न १४), तेव्हा मात्र मी गप्प राहत नाही. तेही तिला आधीपासून माहीत असतं.

१३. मुलीच्या मनगटावर ब्लेडच्या खुणा दिसल्या. आता काय करू?

आधी श्वास घ्या, मग तिच्याजवळ बसा. "हे काय करून ठेवलंस, लोक काय म्हणतील" हे शब्द आत ठेवा. "मला खुणा दिसल्या. मी रागावले नाही. तुला खूप त्रास होत असणार," एवढंच म्हणा आणि तिला बोलू द्या. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचा मुलांना सुटल्यासारखंच वाटतं. घरातली औषधं, फवारणीची कीटकनाशकं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, आणि तिला एकटं ठेवू नका.

त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ किंवा सायकॉलॉजिस्टची वेळ घ्या. ती 'हो, मरावंसं वाटतं' म्हणाली किंवा तिने काही घेतलं असेल, तर वेळ घेत बसू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रात्री-बेरात्री १४४१६ (प्रश्न ११) किंवा ११२ वर फोन करा.

१४. कुणी नातेवाइकाने हात लावल्याचं मुलाने सांगितलं. घरातल्या घरात मिटवता येईल का?

नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. मीही त्यातून सुटत नाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. भीती समजते. म्हणून हेही सांगते: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याचं नाव माध्यमांत छापता येत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते.

घरात तुम्ही करायचं ते हे: "तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी काही चूक नाही," असं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, आणि त्या माणसाला मुलाच्या समोर येऊ देऊ नका. 'असं कसं शक्य आहे, ते तर किती चांगले आहेत,' हे वाक्य मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

१५. आम्ही वेगळे राहतो, ताब्याची केस चालू आहे. 'मूल आईकडेच सुखी आहे' असं पत्र द्याल का?

ज्या मुलाची थेरपी मी करते, त्याच्याबद्दल असं पत्र मी देत नाही. आईला नाही आणि बाबांनाही नाही. मुलाला एकदा कळलं की इथे बोललेलं कोर्टात जातं, तर त्याची ही एक जागाही गेली. न्यायालयाला मत हवं असेल तर ते स्वतंत्र तज्ज्ञाकडून घेतात, आणि कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. मला न्यायालयाचा आदेश आला तर मी त्याचं पालन करते आणि काय सांगणार आहे ते आधी मुलाला समजावते. थेरपी सुरू करताना शक्य असेल तिथे दोघांचीही संमती घेते. एकाने दुसऱ्यापासून लपवून आणलं असेल तर तेही मुलावर ओझं होतं (प्रश्न ३ इथेही लागू आहे). निरोप देण्यासाठी, पैशांची विचारणा करण्यासाठी मुलाला मध्ये घालू नका.

१६. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. 'मी वेडा नाही' म्हणतो आणि यायलाच तयार नाही.

मग तुम्ही या. खरंच, दोघे या. मुलगा एकदाही न येता कितीतरी घरांत काम सुरू झालंय. दार आपटल्यावर तुम्ही काय करता, जेवताना बोलणं अभ्यासावरून कधी भांडणावर जातं, कोण कुणाची बाजू घेतं, हे आपण उलगडून पाहतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एका घरात ठरलं, की महिनाभर जेवणाच्या वेळी मार्कांचा विषय काढायचा नाही. पहिले दहा दिवस तो मुलगा ताट घेऊन खोलीतच जात राहिला. मग एकदा बाहेर बसला. नंतर त्याने आईला विचारलं, "तुम्ही दोघं दर गुरुवारी जाता कुठे?"

तिने खरं सांगितलं. पुढच्या गुरुवारी तो बरोबर आला, पण आत आला नाही, बाहेर गाडीवरच बसून राहिला. मी खाली जाऊन फक्त नाव सांगून आले.